कांचेच्या तंतूंची आपोआप परीक्षा



उन्हाळ्याच्या तोंडाशीं माठ विकत घ्यावयास गेलेली जाणती गृहिणी माठाच्या रंगावर किंवा घाटावर भुलून पैसे मोजीत नाहीं. ती माठ हातीं घेते, बोटाच्या पेरानें त्यावर टिचकी मारते आणि कान देऊन ऐकते. खणखणीत आवाज आला तर माठ पक्का. बद्द आवाज आला तर त्यास कोठें तरी तडा आहे, मग तो डोळ्यांस दिसो वा न दिसो. रेल्वेच्या मोठ्या स्टेशनावर गाडी थांबली म्हणजे हातोडी घेतलेला एक मनुष्य एकामागून एक चाकांवर ठोके मारीत जाई, तोहि हेंच करीत असे. वस्तु न फोडतां तिच्या पोटांतील दोष तिच्याच तोंडून वदवून घेण्याची ही युक्ति फार जुनी आहे. ज्या कांचेच्या तंतूंवरून आज जगाचें बहुतेक संभाषण चालतें, त्या तंतूंची परीक्षाहि याच युक्तीनें होते. फरक इतकाच कीं, येथें टिचकी प्रकाशाची असते. आणि ती ऐकणारा कान दिवसेंदिवस माणसाचा न राहतां यंत्राचा होत चालला आहे.

कांच ही ठिसूळ वस्तु. तिचा तंतु काढून त्यांतून प्रकाश दूरवर नेतां येईल, ही कल्पना एका दिवसांत उदय पावली नाहीं. १८४१ सालीं जिनीव्हा येथें दानिएल कोलादों यानें पाण्याच्या वळणाऱ्या धारेबरोबर प्रकाशहि वळत जातो हें दाखविलें; १८५४ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें जॉन टिंडल यानें तोच चमत्कार सभेपुढें मांडला. धारेच्या आंतल्या बाजूवर प्रकाश पुरेसा तिरका आदळला म्हणजे तो बाहेर न पडतां पुनः आंत परततो आणि असा आदळत, परतत धारेबरोबर पुढें जातो. हें काम कांचेकडून करून घेण्याच्या खटपटींत आपल्या देशाचाहि वांटा आहे. पंजाबांतील मोगा येथें जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांनीं लंडन येथें हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासह तंतूंच्या जुडग्यांतून चित्र वाहून नेण्याचे प्रयोग केले व ते १९५४ सालीं प्रसिद्ध झाले. परंतु त्या काळच्या कांचेंत प्रकाश थोड्याच अंतरांत क्षीण होऊन जाई.

प्रकाशाची ही घट डेसिबल या मापानें मोजतात. दहा डेसिबल घट झाली म्हणजे दशांश प्रकाश उरला. वीस डेसिबल झाली म्हणजे शतांश उरला. १९६६ सालीं इंग्लंडमध्यें चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, दोष कांचेच्या स्वभावांत नसून तिच्यांतील अशुद्धतेंत आहे. ती काढून टाकली तर दर किलोमीटरास वीस डेसिबलांहून कमी घट होणारा तंतु करतां येईल. १९७० सालीं अमेरिकेंतील कॉर्निंग कंपनीचे मॉरर, केक व शुल्ट्झ या तिघांनीं तो करून दाखविला. काओ यांस २००९ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. आजच्या चांगल्या तंतूंत दर किलोमीटरास घट होते ती सुमारें ०.२ डेसिबल. एके काळीं एका किलोमीटरानंतर शतांश प्रकाश उरला तरी तो विजय मानला गेला. आज पन्नास किलोमीटरांनंतरहि दशांश प्रकाश शिल्लक असतो. भारतांत स्थानिक टेलिफोन केंद्रांना जोडणारी पहिली प्रकाशतंतूंची व्यवस्था १९७९ सालीं आपल्या पुण्यांतच सुरू झाली, ही गोष्ट पुणेकरांसहि फारशी ठाऊक नसते.

कांच इतकी निर्मळ झाल्यावर परीक्षेची गरज ती काय, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचें उत्तर असें कीं, तंतु चांगला असला तरी रस्ता सलग नसतो. कारखान्यांतून तंतु कांहीं किलोमीटर लांबीच्या गुंडाळ्यांतून येतो. एका गुंडाळीचें टोंक दुसरीस जोडावें लागतें. हा जोड दोन टोंकें विजेच्या ठिणगीनें वितळवून करतात. जेथें तंतु यंत्रास लावावयाचा, तेथें काढतां-घालतां येणारा कनेक्टर बसवितात. प्रकाश ज्या गाभ्यांतून जातो त्याची जाडी अवघी नऊ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटराच्या शंभराव्या भागाहूनहि कमी. दोन गाभे एकमेकांसमोर अचूक आले नाहींत, मध्यें धुळीचा एक कण राहिला, किंवा भिंतीच्या कोपऱ्यावर तंतु फार आवळून वळविला, कीं प्रकाश तेथें सांडूं लागतो. गळका नळ डोळ्यांस दिसतो. हा गळका प्रकाश दिसत नाहीं, कारण दळणवळणास वापरला जाणारा प्रकाश मनुष्याच्या दृष्टीपलीकडचा असतो.

तो गळका बिंदु शोधण्याचें साधन १९७६ सालीं अमेरिकेंत बार्नोस्की व जेन्सन यांनीं पुढें आणलें. त्यापासून तयार झालेल्या उपकरणास जगभर ओ. टी. डी. आर. म्हणतात. त्याचें तत्त्व समजण्यास कठीण नाहीं. तंतूच्या एका टोंकांतून लेसरचा अत्यंत आंखूड झोत आंत सोडतात. कांचेचे कण त्यांतील अत्यल्प प्रकाश सर्व दिशांस विखुरतात आणि त्यांतला कांहीं अंश उलट फिरून आला त्या टोंकाशीं परततो. कांचेंत प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारें दोन लाख किलोमीटर असतो. यावरून हिशेब सोपा आहे. झोत सोडल्यानंतर शंभर मायक्रोसेकंदांनीं जो प्रकाश परत आला, तो वीस किलोमीटर चालला. म्हणजे दहा किलोमीटरांवरून माघारीं आला. अशा रीतीनें तंतूच्या प्रत्येक बिंदूची खबर एकाच टोंकाशीं बसून मिळते.

ही खबर पडद्यावर एका रेषेच्या रूपानें उमटते. निर्दोष तंतूची रेषा घाटरस्त्याप्रमाणें सावकाश, एकसारखी उतरत जाते. वितळवून केलेला जोड आला कीं तेथें लहानशी पायरी दिसते. कनेक्टर आला कीं कांच व हवा यांच्या सीमेवरून प्रकाश परावृत्त होऊन उंच सुळका उठतो. तंतूच्या अखेरीस बहुधा असाच सुळका येतो आणि पुढें गवताप्रमाणें नुसती खरखर राहते. नाडी पाहून ज्वराची जात सांगणाऱ्या वैद्याप्रमाणें जुने तंत्रज्ञ या रेषेवरून तंतूचें दुखणें सांगत. ही विद्या पुस्तकांतून थोडी व सरावानें फार मिळे.

मग ती माणसाच्या हातून काढून यंत्रास देण्याचें प्रयोजन काय? प्रयोजन संख्येंत आहे. एका केबलींत २८८ तंतु आहेत असें समजावें. प्रत्येक तंतु प्रकाशाच्या दोन तरंगलांबींनीं तपासावयाचा आणि प्रत्येक वेळीं दोन्ही टोंकांकडून तपासावयाचा, म्हणजे एकंदर १,१५२ रेषा झाल्या. एका रेषेस एकच मिनिट धरलें तरी एकोणीस तासांहून अधिक वेळ होतो. इतक्या रेषा ओळीनें पाहतांना कोणाचाहि डोळा शिणतो. पहिल्या शंभर उत्तरपत्रिका परीक्षक बारकाईनें वाचतो आणि शेवटच्या शंभरांवरून त्याची नजर घसरत जाते, हा अनुभव कोणत्याहि शाळेस नवा नाहीं. यंत्रास मात्र पहिली रेषा आणि अखेरची रेषा यांत भेद नसतो.

दोन्ही टोंकांकडून तपासणी कां करावयाची, हेंहि समजून घेण्यासारखें आहे. दोन निरनिराळ्या तंतूंचा जोड असेल आणि दुसरा तंतु पहिल्यापेक्षां प्रकाश अधिक उलटवीत असेल, तर जोडाच्या जागीं रेषा उतरण्याऐवजीं चढते. जणूं जोडामुळें प्रकाश वाढला! अर्थात् हा निव्वळ भास होय. उलट बाजूनें पाहिलें कीं तोच जोड वाजवीपेक्षां अधिक वाईट दिसतो. एका बाजूनें ०.०५ डेसिबल वाढ व दुसऱ्या बाजूनें ०.१५ डेसिबल घट दिसली, तर दोहोंचा मध्य काढून खरी घट ०.०५ डेसिबल ठरते. दोन साक्षीदारांच्या जबान्या ताडून पाहिल्याशिवाय निकाल देऊं नये, हा न्यायालयांतील नियम येथेंहि लागू पडतो. शेंकडों जोडांची ही बेरीज-वजाबाकी यंत्र क्षणांत करतें.

आपोआप तपासणीचें यंत्र आणखीहि पुष्कळ करतें. जवळचे दोष स्पष्ट दिसण्यास आंखूड झोत लागतो आणि दूरचे दिसण्यास लांब झोत लागतो. तें स्वतःच दोन्ही प्रकारचे झोत सोडून त्यांचीं उत्तरें एकत्र करतें. वांकलेल्या तंतूंतून लांब तरंगलांबीचा प्रकाश अधिक सांडतो. म्हणून १३१० नॅनोमीटरला थोडी आणि १५५० नॅनोमीटरला पुष्कळ घट दिसली, तर तेथें जोड बिघडलेला नसून तंतु मुडपला आहे, असें निदान तें करतें. कनेक्टरच्या तोंडावरील घाण पाहण्यासाठीं सूक्ष्मदर्शक असतो. पूर्वी हें तोंड स्वच्छ आहे कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें ठरवावें अशी स्थिति होती. २००९ सालीं आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगानें याविषयींचें प्रमाण प्रसिद्ध केलें. त्यांत तोंडाचे गाभा, त्याभोंवतींचें वेष्टण इत्यादि भाग पाडून कोणत्या भागांत केवढा ओरखडा वा डाग चालेल हें नेमून दिलें आहे. यंत्र चित्र घेतें, डाग मोजतें आणि उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा शेरा देतें. एकाचें स्वच्छ तें दुसऱ्याचें मळकें, हा वाद त्यामुळें पुष्कळसा मिटला.

याहून पुढची पायरी म्हणजे अखंड पहारा. टेलिफोन-केंद्रांत एकच परीक्षक-यंत्र ठेवितात आणि प्रकाशाचा कांटा बदलणाऱ्या स्विचच्या द्वारां तें पाळीपाळीनें एकेका तंतूस जोडलें जातें. ग्राहकांचें संभाषण १३१०, १४९०, १५५० अशा नॅनोमीटरांच्या प्रकाशावर चालूं असतांनाच परीक्षेचा झोत १६२५ किंवा १६५० नॅनोमीटरांचा असतो. त्यामुळें दोहोंची गांठ पडत नाहीं. जपानांत एन. टी. टी. या कंपनीच्या संशोधकांनीं घरोघर जाणाऱ्या तंतूंसाठीं अशा व्यवस्थेचें वर्णन १९९४ सालींच प्रसिद्ध केलें होतें.

घरोघर जाणाऱ्या तंतूंत एक अडचण आहे. केंद्रांतून निघालेला एक तंतु वाटेंत फुटून बत्तीस घरीं जातो. मग परत येणारे बत्तीस प्रतिध्वनि एकमेकांत मिसळतात. यावर उपाय असा कीं, प्रत्येक घरच्या टोंकाशीं फक्त परीक्षेचा प्रकाश परतविणारा लहानसा परावर्तक बसवावयाचा. प्रत्येक घराचें अंतर थोडें निराळें असल्यानें प्रत्येकाचा सुळका निराळ्या जागीं उठतो. अंतरें जवळजवळ सारखीं असलीं कीं हीहि युक्ति अडखळते. परंतु तिचा एक मोठा गुण आहे. परावर्तकास वीज लागत नाहीं. एखाद्या घरचें यंत्र मुकें झालें आणि परावर्तकाचा सुळका मात्र कायम असला, तर तंतु शाबूत आहे, घरांतील वीज गेली असेल किंवा यंत्र बिघडलें असेल, असें केंद्रांत बसल्या जागीं कळतें. तेवढ्यापुरता एका मनुष्याचा रात्रीचा हेलपाटा वांचतो.

इतका पहारा ठेवण्याइतकें महत्त्व या तंतूस खरोखर आहे काय? ३० जानेवारी २००८ रोजीं ईजिप्तच्या अलेक्झांड्रिया शहराजवळ समुद्रतळावरील दोन केबली तुटल्या आणि हजारों मैलांवरील आपल्या देशांत इंटरनेटची गति मंदावली. दूरची गोष्ट सोडली तरी आपल्या ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतु नेण्याची योजना २०११ सालीं मंजूर झाली आणि २०१५ सालीं तिला भारतनेट हें नांव मिळालें. सुमारें अडीच लाख ग्रामपंचायती हें तिचें क्षेत्र. शहरांत एक वाट बंद पडली तर दुसरी असते. एकाच तंतूवर अवलंबून असलेल्या गांवीं तो तुटला, कीं दाखला घेण्यास आलेला शेतकरी आणि परीक्षेचा अर्ज भरणारी मुलगी या दोघांनाहि उद्यां या, एवढेंच उत्तर मिळतें. तंतु पुरला ही बातमी होते. तो चालूं राहिला कीं नाहीं, हें विचारणारे थोडे असतात.

येथेंच या विषयाचा कळीचा मुद्दा येतो. यंत्र परीक्षा घेतें, पण उत्तीर्ण कोणास म्हणावें हें माणूसच ठरवितो. जोडास ०.१ डेसिबलची मर्यादा घातली कीं तें तिच्याप्रमाणें निवडा करील. कोणी घाई म्हणून ती ०.५ केली तर तेंहि मुकाट्यानें मान्य करील, आणि वाईट जोडांवर हिरवा दिवा दाखवील. एकेक जोड मर्यादेंत असूनहि सर्वांची बेरीज तंतूस झेपणार नाहीं, असेंहि होतें. हिरवा दिवा म्हणजे सत्य नव्हे; नेमून दिलेल्या प्रश्नाचें तें उत्तर आहे.

दुसरी गोष्ट नकाशाची. मध्यरात्रीं यंत्र सांगतें कीं, तंतु १८ किलोमीटर ३४० मीटरांवर तुटला. हें अंतर तंतूचें आहे, रस्त्याचें नव्हे. केबलीच्या आंत तंतु पीळ घेऊन जातो, म्हणून तो केबलीहून लांब असतो. शिवाय प्रत्येक जोडाच्या खड्ड्यांत पुढील दुरुस्तीसाठीं केबलीचीं वेटोळीं ठेवलेलीं असतात. वेटोळें कोठें व किती मीटरांचें ठेवलें, याची नोंद ज्यानें त्या दिवशीं केली नाहीं, त्याच्या आळसाचें प्रायश्चित्त वर्षांनंतर दुसराच कोणी पावसांत चुकीच्या जागीं खणून घेतो. यंत्रांत कांचेचा वक्रीभवनांक १.४६८० ऐवजीं १.४७०० असा भरला गेला, तर पन्नास किलोमीटरांत सुमारें ६८ मीटरांची चूक पडते. कुदळ हातीं घेतलेल्या मनुष्यास ६८ मीटर म्हणजे एक सबंध रात्र होय.

तिसरी गोष्ट प्रामाणिकपणाची. तपासणी हातानें होई तेव्हां एका चांगल्या तंतूची रेषा घेऊन तीच दहा तंतूंच्या नांवांवर चढविण्याचा मोह कामकऱ्यास होत असे, हें त्या व्यवसायांत अज्ञात नाहीं. आतां मापन होतांच वेळ व स्थळ यांसह नोंद थेट केंद्रास जाऊं शकते. शिवाय रेषेच्या अखेरची खरखर दोन मापनांत कधीं तंतोतंत जुळत नाहीं. ती जुळली तर नक्कल उघडकीस येते. येथें यंत्र चोख पहारेकऱ्याचें काम करतें.

परंतु पहारेकरी फसतोहि. दोन कनेक्टरांमध्यें प्रकाश पुनः पुनः आपटून परतला, म्हणजे जेथें कांहींच नाहीं तेथें रेषेवर एक सुळका उठतो. या धंद्यांतील लोक त्यास गमतीनें भूतच म्हणतात. खऱ्या कनेक्टरच्या बरोबर दुप्पट अंतरावर तो दिसला आणि तेथें घट मुळींच नसली, तर जाणता मनुष्य त्यास ओळखतो; यंत्र कधीं ओळखतें, कधीं नसलेल्या कनेक्टरची नोंद करून ठेवतें. सर्व रेषा यंत्रानेंच वाचल्या आणि नव्या उमेदवारास एकहि रेषा स्वतः वाचावयास मिळाली नाहीं, तर दहा-वीस वर्षांनीं हें भूत ओळखणारा कोण उरेल? म्हणून नवशिक्यानें प्रथम कांहीं शेंकडे रेषा डोळ्यांनीं वाचाव्या, आपला निकाल कागदावर मांडावा आणि मग यंत्राचा निकाल पहावा. गणितयंत्र हातीं आलें तरी पाढे पाठ असणाऱ्यासच आंकड्याची चूक खटकते.

मोजण्याचें काम यंत्राचें. मर्यादा घालण्याचें, नोंद ठेवण्याचें आणि संशय घेण्याचें काम माणसाचें. ही वांटणी जेथें नीट झाली, तेथें आपोआप तपासणीनें रात्रीचे हेलपाटे वांचविले आणि तंतु चालते ठेवले. जेथें ती झाली नाहीं, तेथें हिरवे दिवे पुष्कळ लागले, पण गांवाची वाट अंधारांतच राहिली.

टिचकी मारून पारखून आणलेला माठहि जाणती गृहिणी लगेच वापरावयास काढीत नाहीं. ती तो पाण्यानें भरून रात्रभर ठेवते आणि सकाळीं त्याच्या बुडाखालची जमीन हातानें चांचपून पाहते.